बिनगाठीचं दार

मामंजींना हवालदाराने पहिल्यांदा धरलं तेव्हा ते तळ्यातून नुकते बाहेर आले होते आणि आपले पाय कुठे आहेत हे त्यांना कळत नव्हतं. बांधावर बसून त्यांनी खिशातली बाटली काढली, तिच्या झाकणात मोजून दारू ओतली, तळ्याकडे तोंड केलं आणि प्यायली. एक झाकण. चाळीस वर्षं, थंडीच्या हंगामात, पाण्यातून वर आलं की एक झाकण. हवालदार मागेच उभा होता. तो नवा होता, तरुण होता, आणि नव्यानेच लावलेल्या पाटीखाली उभा होता. सार्वजनिक ठिकाणी मद्यपान हा गुन्हा आहे, असं पाटीवर लिहिलं होतं. मामंजींना वाचता येतं. पण धुक्यात पाटी दिसत नाही, आणि पाण्यातून वर आलेल्या माणसाला तर काहीच दिसत नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दारूवरचा माझा राग माहेराहून आलेला आहे. माझा बाप भर बाजारात पडायचा आणि त्याला उचलून आणायला आईबरोबर मी जायचे. लोक कपडे सावरत बाजूने जायचे. तेव्हा अशी पाटी आणि असा हवालदार असता तर आमचे निम्मे हाल वाचले असते, असं मला अजूनही वाटतं. मामंजी कधी पडले नाहीत, कधी कुणाला वाकडं बोलले नाहीत, पण झाकण ते झाकण. ते घरी आले तेव्हा मी गरम पाण्याची बादली पुढे ठेवली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. माझं गप्प राहणं आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.

घरात आम्ही चौघं. मामंजी तळ्यातलं पाणकणीस कापतात, सासूबाई आणि मी त्याची पानं सुकवून चटया विणतो, आणि आमचे हे चटया गाडीवर घालून विकायला नेतात. ह्यांना दमा आहे. थंड पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले तरी छाती भरून येते, म्हणून तळं एकट्या मामंजींचं. कापणी थंडीतच उरकावी लागते. तेव्हाच पान चिवट असतं, ऊन वाढलं की विणताना मोडतं. सकाळी काठाला बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. तो मामंजी कोयत्याच्या मुठीने फोडतात, कमरेपर्यंत उतरतात, आणि मग दिसेनासे होतात. धुक्यातून फक्त कापण्याचा आवाज येत राहतो, आणि थोड्या वेळाने एक भारा आपणहून तरंगत काठाला लागतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की भारे तळंच पाठवतंय, कापणारं कुणी नाहीच. लोक मामंजींना बगळा म्हणतात. त्याचा त्यांना राग येत नाही.

पूर्वी त्या बांधावर आमच्यासारख्या पाण्यातल्या माणसांशिवाय कुणी फिरकत नसे. दोन वर्षांपूर्वी तिथे फरशी घातली, बाकं टाकली, आणि माणसं सकाळी हात हलवत चालायला येऊ लागली. त्यांच्या मागून संध्याकाळचे पिणारे आले, फुटक्या बाटल्या आल्या, एका बाईचा पाय चिरला. मग पाटी आली. पाटीचं काही चुकलं नव्हतं, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

कोर्टात मामंजींबरोबर आम्ही दोघं गेलो. दंड भरून झाल्यावर कारकुनाने चष्मा वर करून समजावलं.

"आजोबा, नीट ऐका. पहिल्यांदा दंड. दुसऱ्यांदा सापडलात तर तळ्यावरचा परवाना रद्द. मग पाण्यात पाय घालायचा नाही."

"कुणी?"

"तुम्ही. परवाना तुमच्या नावावर आहे ना?"

परवाना गेला तर घरात एक पान येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळलं. पण मामंजींचा चेहरा बघून मला दुसरंच काही कळलं. चटयांचं राहू द्या, पाण्याबाहेर हा माणूस करणार काय? जमिनीवर ते नेहमी पाहुण्यासारखेच वागत. कुठे बसू, असं विचारल्यासारखे उभे राहायचे.

"सार्वजनिक म्हणजे नक्की काय हो?" त्यांनी विचारलं.

कारकुनाने कागदावरून वाचून दाखवलं. "जिथे लोकांना यायला जायला मोकळीक आहे अशी कोणतीही जागा."

"आणि घरात?"

"घर तुमचं. घरात प्या, नाचा, आम्हाला काय त्याचं?"

घर तळ्यापासून अर्ध्या तासावर. तेवढ्या वेळात पाय लाकूड होतात. परतीच्या वाटेवर मामंजी एकच वाक्य बोलले. "म्हणजे भिंती पाहिजेत."

मी म्हटलं, "मामंजी, म्हणजे ते झाकण सोडलं पाहिजे."

ते हसले. माझ्या बोलण्याला ते कधी उलटून बोलत नाहीत, आणि ऐकतही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भिंती विणायला घेतल्या. परवान्यात भारे वाळत घालायला काठावरचा एक पट्टा मिळतो. त्या पट्ट्यावर चार वासे रोवले. पानांचे तीन पदर एकावर एक घालून, आडवं-उभं घट्ट विणत त्यांनी तट्टे केले. विकायच्या चटईलाही ते इतका जीव लावत नाहीत. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मला आणलंत तेव्हा छपराला भोक होतं," त्या म्हणाल्या. "एका झाकणासाठी महाल चाललाय."

"तू पण ये बसायला."

"मी कशाला येऊ? मला काय शेपूट फुटलंय, महालात बसायला?"

पण पहिल्या जाऊन बसल्या त्याच. तीन दिवसांत खोली उभी राहिली. आत चार माणसं मांडी घालून बसतील एवढीच. मी रागाने, काय उभं केलंय ते बघायला म्हणून गेले. आत ऊन बारीक बारीक होऊन येत होतं आणि ओल्या हिरव्या पानांचा वास इतका दाट होता की श्वास हळू झाला. बाहेर चालणाऱ्यांची पावलं वाजत होती, पण ती फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखी. पाणी काठाला लागत होतं. मी तिथे किती वेळ बसले मला सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा धुकं गेलं होतं आणि वाळत घातलेली पानं उलटायची राहिली म्हणून सासूबाईंनी माझा उद्धार केला.

आणि आता मामंजींची चूक सांगते. त्यांनी दार केलं, पण दाराला बांधायला काही केलं नाही. चटईचाच एक पडदा, वरून सोडलेला. ती चूक फक्त पाण्यातल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी आहे. कापणारा बाहेर येतो तेव्हा त्याची बोटं गाठ सोडू शकत नाहीत. बोटं दिसतात, हलवायला जावं तर हलत नाहीत. म्हणून तळ्यावरच्या कुठल्याही आडोशाच्या दाराला कुणी कधी गाठ मारलेली नाही, आणि ओल्या माणसाला तू कोण म्हणून विचारलेलं नाही. मामंजींनी भिंतींचा विचार तीन दिवस केला. दाराचा विचार त्यांनी केलाच नाही, कारण दार म्हणजे काय हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मग लोक यायला लागले. आधी जाळं टाकणारा कोळी आला, कुडकुडत. मग पाय दुखतात म्हणून चालायला येणारे निवृत्त मास्तर. मग धुणं धुणारी मावशी, हातांना भेगा पडलेली. कुणी पडदा बाजूला केला की मामंजी सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, "या, बसा." पाण्यातून आलेल्याला झाकण मिळायचं, कोरड्याला मिळायचं नाही. मास्तरांनी एकदा मागितलं तर मामंजी म्हणाले, "आधी कमरेपर्यंत भिजून या." मास्तर आठ दिवस रुसले आणि नवव्या दिवशी परत येऊन बसले. तिथे कुणी फार बोलत नसे. माणसं तट्ट्यातून येणाऱ्या उन्हाकडे बघत बसायची आणि उठताना कशाला आलो होतो हे विसरून जायची.

हवालदार महिनाभर बाकावरून बघत होता. एके दिवशी त्याने पडदा बाजूला केला. आत मामंजी आणि कोळी होते, झाकण मामंजींच्या हातात.

"या, बसा," मामंजी म्हणाले.

"आजोबा," हवालदार म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच पडलेला होता, "माझं तुमच्याशी वैर नाही. पण मी मोजलं. कालच्या दिवसात इथे अकरा माणसं आली. तुम्ही एकालाही अडवलं नाहीत. ही सार्वजनिक जागा झाली."

"चार भिंती आहेत की."

"भिंती आहेत. पण मी आत्ता आलोच ना?"

हवालदाराने कागद भरला.

ह्या वेळी कोर्टात न्यायाधीशबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मध्यम वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, थकलेल्या डोळ्यांच्या बाई. "आजोबा म्हणतात घर आहे, हवालदार म्हणतात धर्मशाळा आहे," त्या म्हणाल्या. "मी स्वतः येऊन बघते. परवा सकाळी."

जिन्यात कारकुनाने आम्हाला गाठलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी काही सांगितलं नाही. पण दाराला गाठ मारा. बाईसाहेब आल्या की त्यांनाही दारातच थांबवा. म्हणा, ही माझी खासगी जागा आहे, परवानगीशिवाय आत येऊ नका. एवढं एक वाक्य. माणसाला अडवता आलं की जागा तुमची."

एवढं एक वाक्य. घरी आम्ही त्याची तालीम सुरू केली. खोलीच्या दाराला चादर लावली, मामंजींना आत बसवलं, सासूबाई न्यायाधीश झाल्या.

सासूबाईंनी चादर हलवली. "कुणी आहे का?"

"ये गं, बस."

"बाबा!" हे कपाळाला हात लावून म्हणाले. "काय ठरलं होतं?"

"हिला कसं येऊ नको म्हणू? हिचं घर आहे."

मग मी न्यायाधीश झाले. माझ्या वेळी वाक्य निम्मं आलं. "ही माझी खासगी जागा आहे," ते म्हणाले, आणि मग लाजून माझ्याकडे बघत, "पण तू ये." सासूबाई हसता हसता खाली बसल्या. मला मात्र हसू येईना. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मामंजी, मला तुमचं झाकण आवडत नाही. ते जगजाहीर आहे. पण तुमचं तळं जाऊ नये असं मला वाटतं. माझ्यासाठी म्हणा." मग त्यांनी वाक्य पूर्ण म्हटलं, न अडखळता, दहा वेळा. शेवटी शेवटी तर त्यांच्या आवाजाला चांगली धार आली.

बाईसाहेब येणार त्या दिवशी सकाळी धुकं असं होतं की आपला हात लांब केला तर परक्याचा वाटावा. मामंजी आत बसल्यावर ह्यांनी पडद्याला काथ्याच्या चार गाठी मारल्या. कोळ्याला आणि मास्तरांना येऊ नका म्हणून आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं. आम्ही तिघं बाजूला भाऱ्यांपाशी उभे. सगळं इतकं शांत होतं की जणू अजून झोपेतच आहोत आणि ही सकाळ कुणीतरी आम्हाला सांगतंय.

आधी हवालदाराचा आवाज आला. "बाईसाहेब, इकडून, फळीवरून." मग एक पाय घसरल्याचा आवाज, पाणी उडाल्याचा आवाज, आणि हवालदाराचं "अहो, अहो." बांधावरून आमच्या पट्ट्यावर उतरायच्या फळीवर दव गोठलेलं होतं. बाईसाहेब धुक्यातून बाहेर आल्या तेव्हा दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेले, एक चप्पल तळ्यात. ओठ पांढरे पडले होते. तशाच येऊन त्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पडद्यावर हात ठेवला. पडदा हलला नाही.

"कोण आहे आत?" त्या म्हणाल्या. दात वाजत होते.

आतून मामंजी बोलले, "ही माझी खासगी जागा आहे."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी माझा हात धरला. तेवढ्यात मामंजींनी विचारलं, "पाण्यात पडलात का?"

"हो. पाय घसरला."

मग काही वेळ आतून आवाज आला नाही. मला तो वेळ फार मोठा वाटला. त्यात त्यांना आम्ही आठवलो असणार, परवाना आठवला असणार, दहा वेळा म्हटलेलं वाक्य तर जिभेवरच होतं. मग आतून कोयता आला, पात्याचं टोक पडद्याच्या फटीतून, आणि चारही गाठी एकामागून एक कापल्या गेल्या. सोडायला वेळ कुणाला होता?

"या, आत या," मामंजी म्हणाले. "आधी पाय कोरडे करा. सूनबाई, सुकी पानं आण."

मी आणली. काय करणार? बाईसाहेब आत बसल्या होत्या, पाय पानांत खुपसलेले. मामंजींनी बाटली काढली, झाकण भरलं आणि पुढे केलं. हवालदाराने मान दुसरीकडे वळवली. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"नको," बाईसाहेब म्हणाल्या. झाकणाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. "आजोबा, मी का आले होते ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग मला बाहेर थांबवायचं होतं."

"तुमचे पाय ओले होते," मामंजी म्हणाले.

बाईसाहेब नंतरही बसून राहिल्या. तट्ट्यातून पांढरा उजेड येत होता. उठताना सगळे जसे बावरायचे तशाच त्याही बावरल्या.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला. दंड, मामंजींचा परवाना रद्द, त्यांना पाण्यात उतरायला कायमची बंदी, काठावरचा आडोसा काढून टाकायचा. घरातल्या दुसऱ्या कुणी अर्ज केला तर विचार व्हावा, एवढं एक वाक्य खाली होतं. वाचताना बाईसाहेबांनी मान वर केली नाही. मला त्यांचा राग येईना, आणि राग येत नाही ह्याचाच राग आला. मामंजींनी स्वतःच्या हाताने तट्टे उतरवले. बाटली त्यांनी धुऊन सासूबाईंना तेलासाठी दिली. मग घराच्या पायरीवर येऊन बसले, आणि दिवसभर तिथेच बसले. चार दिवस तसे गेले.

पाचव्या दिवशी मी अर्ज केला. ह्यांनी विरोध केला, सासूबाई रडल्या. परवाना माझ्या नावावर आला त्या सकाळी मी लुगडं कमरेला खोचून, त्यांचाच कोयता घेऊन तळ्यावर गेले. मामंजी मागून आले आणि बांधावर उभे राहिले. बांध सार्वजनिक होता, तिथे उभं राहायला कुणाचीच मनाई नव्हती.

पाणी पहिल्यांदा चावतं. मग जाळतं. मग काही करत नाही, आणि ते सगळ्यात वाईट असतं. कमरेखाली मी आहे की नाही हे विचारून बघावं लागतं. धुक्यात मला बांध दिसत नव्हता. मागून फक्त आवाज येत होता.

"मुळाशी नको. चार बोटं वर."

मी कापत होते.

"पाय उचलू नकोस. घासत पुढे जा. हां. आता डावीकडचं घे, ते जून आहे."

त्यांना मी दिसत नव्हते. आवाजावरून ते मला बघत होते. कधी कधी वाटायचं, ते माझ्या शेजारीच पाण्यात उभे आहेत आणि बांधावर कुणी दुसराच म्हातारा आहे. पाच भारे मी सोडले. ते माझ्या पुढे तरंगत गेले, आणि मी त्यांच्या मागून काठाला लागले.

वर कशी आले आठवत नाही. बांधाच्या फरशीवर बसले आणि माझे पाय बघितले. ते दुसऱ्या कुणाचे तरी होते, निळे, बाजूला ठेवून दिलेले. मी सगळं खरं सांगतेय तर हेही सांगते. त्या क्षणी कुणी झाकण पुढे केलं असतं तर मी घेतलं असतं. दोन घेतली असती.

झाकण नव्हतं. मामंजी समोर आले, फरशीवर बसले आणि त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"मामंजी! अहो, हे काय करता?" माझी जीभही नीट वळत नव्हती. "पाय काय धरता माझे? लोक बघताहेत."

लोक बघतच होते. चालणारे थांबले होते, मास्तर काठी टेकून उभे होते. हवालदार पाटीखाली उभा होता, हात मागे बांधून.

"गप बस," मामंजी म्हणाले. दोन्ही तळहातांनी ते माझा पाय घासू लागले, टाचेपासून वर, टाचेपासून वर, जोर लावून. चाळीस वर्षांच्या कोयत्याने त्यांचे हात खरबरीत झालेले, पण मला काही लागत नव्हतं. मी त्यांच्या डोक्याकडे बघत होते. इतक्या जवळून त्यांचं पांढरं डोकं मी कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

किती वेळ झाला कुणास ठाऊक. मग टाचेत खोलवर अशी कळ आली की मी मोठ्याने ओरडले.

"आली," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.